न पळणारी शिकार

मुलांनो, लांडगा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे घनदाट जंगल उभं राहत असेल, तर ते जंगल जरा बाजूला ठेवा. आपल्या गोष्टीतली लांडगीण उघड्या माळावर राहत असे. पिवळं गवत, काळे धोंडे, मध्येच एखादी बाभूळ आणि साऱ्या माळाला मिळून एकच पळस, असा तो माळ होता. तिच्या कळपात चौदा लांडगे होते आणि त्यांत तिचा म्हातारा बापही होता. त्याला सगळे आबा म्हणत. आबांना डोळ्यांनी दिसत नसे आणि मागच्या एका पायात जोर उरला नव्हता. कुठे जायचं झालं की ते लेकीची शेपटी दातांत हलकेच धरत आणि तिच्या मागून पावलं टाकत. रोजच्या या धरण्यानं तिच्या शेपटीचं टोक बोडकं झालं होतं, पण लांडगिणीनं त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.

या कळपाचे जेवणाचे रिवाज फार कडक होते. शिकार मध्यभागी ठेवली की म्होरक्या तिच्याशेजारी उभा राही आणि खड्या आवाजात विचारी, "पळालं होतं का?" त्यावर सगळे एका सुरात म्हणत, "पळालं होतं!" लांडग्यानं पाठलाग करून मिळवलेलंच खायचं, आयतं पडलेलं तोंडात घालायचं नाही, असा त्याचा अर्थ. मग पहिला घास सर्वांत म्हाताऱ्या लांडग्याचा, म्हणजे आबांचा. आबा चावून चावून खात आणि "हं" म्हणत. ते "हं" ऐकू आल्याशिवाय कुणी दात लावायचा नाही. तुम्ही जेवायच्या आधी हात धुता ना, तितकंच हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. आणि हो, तुमच्यातले काही जण जसे नुसतं पाणी दाखवून येतात, तसे लबाड त्यांच्यातही होते.

आता म्होरक्याविषयी सांगतो. तो दांडगा होता, हुशार होता आणि आपण हुशार आहोत हे दिवसातून दोनदा तरी बोलून दाखवत असे. पूर्वी कळपाला चारातले तीन दिवस उपाशी झोपावं लागे. म्होरक्यानं एक युक्ती काढली. माळाच्या कडेला एक घळ होती, तिन्ही बाजूंनी उभे कडे आणि आत जायला एकच तोंड. त्यानं हरणांचा एक कळप हुसकत हुसकत त्या घळीत घातला आणि तोंडाशी बाभळीच्या काटेरी फांद्या रचून टाकल्या. "आता रोज जेवा!" तो म्हणाला. सगळे आनंदानं नाचले. आपली लांडगीणही नाचली, खोटं कशाला सांगू? आबांना रोज पोटभर मिळणार म्हटल्यावर तिला आणखी काय हवं होतं!

फक्त एक अडचण होती. घळीतलं हरीण पळणार कुठे? म्होरक्यानं त्यावरही तोड काढली. खायचं हरीण निवडलं की त्याला घळीच्या आत तीन फेऱ्या मारायला लावायच्या आणि एका लांडग्यानं त्याच्या मागून धावायचं. धावायचं कसलं, चालायचंच. कारण बसून खाऊन लांडगे सुटले होते आणि हरणं कोंडून मरगळली होती. मग म्होरक्या विचारी, "पळालं होतं का?" आणि सगळे पुटपुटत, "पळालं होतं." आबांचं "हं" मात्र दिवसेंदिवस बारीक होत चाललं होतं.

पहिलं वर्ष मजेत गेलं. दुसऱ्या वर्षी घळीतलं गवत संपलं. हरणांना चारा बाहेरून आणून घालावा लागू लागला. लांडगे पाळी लावून माळ पालथा घालत आणि रानमटकीच्या शेंगांनी लगडलेले वेल तोंडात धरून आणत. आधी जवळचे वेल संपले, मग लांबचे. माळ जागोजागी उघडा पडला. घळीतून झिरपणारं पाणी खालच्या डोहाला मिळत असे. त्या डोहाला आता लेंड्यांचा असा वास येऊ लागला की टिटव्यांनीसुद्धा तिथं उतरणं सोडलं. लांडग्यांची तीन पिल्लं ते पाणी पिऊन आजारी पडली.

अखेर एके सकाळी म्होरक्यानं सगळ्यांना गोळा केलं. "हा माळ संपला," तो म्हणाला. "पाच डोंगर आणि दोन नद्या ओलांडल्या की पलीकडे दुसरा माळ आहे. तिथं नवी घळ शोधू. पळसाला पहिलं फूल आलं की निघायचं."

लांडगिणीनं पटकन आबांकडे बघितलं. कारण कळपाचा आणखी एक रिवाज होता आणि तो कुणी मोठ्यानं बोलत नसे. स्थलांतराच्या वेळी ज्याला वाट झेपणार नाही त्याला मागे ठेवायचं. त्याच्यापुढे शिकारीची एक मांडी ठेवायची, सर्वांनी मिळून एकदा लांब हेल काढायचा आणि मागे न बघता चालू लागायचं. पाच डोंगर! आबांना साधा उतार उतरताना तीनदा थांबावं लागे.

आबांना हे सगळं कळलं होतं. रोज सकाळी ते लेकीला विचारू लागले, "पळसाला कळ्या धरल्या का गं?"

"नाही आबा."

आणि एक दिवस तिला म्हणावं लागलं, "दोन-चार दिसतायत."

"बरं," आबा म्हणाले आणि उन्हात अंग टाकून पडले. लांडगीण पलीकडे गेली आणि एका धोंड्याआड बसून रडली. लांडगे रडत नाहीत असं म्हणतात. म्हणोत बापडे.

त्या दिवशी चाऱ्याची पाळी तिचीच होती. ती सकाळपासून वेल ओढत होती. माळाच्या पार दुसऱ्या टोकाला जायचं, तोंडात मावेल तेवढं घ्यायचं, घळीत टाकायचं, परत जायचं. दहाव्या खेपेला ती धापा टाकत काट्यांच्या कुंपणाशी बसली. आतून एक हरणी सगळं बघत होती. चांगली धीट होती ती. मरण रोज दाराशी येऊन बसलं की भीतीचाही कंटाळा येत असावा.

"बाई, एक विचारू?" हरणी म्हणाली.

"विचार."

"तुम्ही दहा खेपा घालून मला खायला आणता. असं कितीतरी दिवस आणता. मी त्यातलं बरंचसं उभं राहण्यात आणि माश्या हाकण्यात घालवते. आणि शेवटी तुम्हाला एक वेळ पुरते. एवढ्या शेंगा आहेत, तर मधे मी कशाला हवी?"

"आम्हाला शेंगा पचत नाहीत," लांडगीण म्हणाली. "आणि त्या चावायला काय मजा? दातांना ओढ लागत नाही."

"मग दातांना ओढ लागेल असं काही करा," हरणी म्हणाली. "माझं काय, मी घाईत नाही."

लांडगीण उठून चालू लागली खरी, पण ते बोलणं तिच्या डोक्यात कुसळासारखं रुतून बसलं.

परतीच्या वाटेवर तिला एक वारूळ दिसलं. आत उंदीर असेल म्हणून तिनं पंजानं ते उकरलं. उंदीर नव्हता. आत वाळवीनं मधाच्या पोळ्यांसारखी मऊ, भुरकट पोळी रचून ठेवली होती आणि त्यांवर पांढरी बुरशी उगवलेली होती. तिनं वास घेतला आणि ती चमकली. लाकडाचा नाही, मातीचा नाही, चक्क खाण्याचा वास होता तो!

"अहो, दार कुणी मोडलं?" एक वाळवी तणतणत बाहेर आली. तिच्यापुढे लांडगीण म्हणजे डोंगर, पण घर मोडल्यावर कोण डोंगराला भितं?

"चुकलं बाई," लांडगीण म्हणाली. "पण हे काय करता तुम्ही इथं?"

"शेती," वाळवी म्हणाली. "लाकूड, पाला आम्हाला तसाच पचत नाही. आम्ही तो चावून इथं ठेवतो. त्यावर ही बुरशी वाढते. आमचं काम ती करते, मग आम्ही तिला खातो. आमच्या आज्यापणज्यांपासून असंच चालत आलंय."

"शेंगांवर वाढेल ती?"

"कुणी वाढवून बघितली नाही. तू बघ. कणभर पांढरं घेऊन जा आणि जाताना तेवढं दार लिंपून दे."

लांडगिणीनं ओल्या मातीनं वारूळ लिंपलं. नाकानं लिंपलेलं ते, ओबडधोबडच झालं, पण वाळवीनं चालवून घेतलं.

लांडगीण कामाला लागली. तिनं मटकीच्या शेंगा झऱ्याच्या पाण्यात भिजत घातल्या, चावून त्यांचा चोथा केला, वरून थोडं पांढरं टाकलं आणि पळसाच्या पानात बांधून एका उबदार कपारीत ठेवला. त्या झाडाच्या कळ्यांकडे तिला बघवत नव्हतं, पण पानं मोठी म्हणून जावं तर लागे त्याच्याकडेच. तिसऱ्या दिवशी पान उघडलं तर आत काळं, चिकट आणि असं काही घाणेरडं निघालं की तिची शेपटी पोटाखाली गेली. तरी तिनं चाखून बघितलंच. दोन दिवस ओकत होती. तेव्हा मुलांनो, घरात डबा झाकून ठेवून असले उद्योग करू नका. लांडगिणीला निदान ओरडायला आई नव्हती.

दुसऱ्या खेपेला तिनं चोथा आधी तव्यासारख्या तापलेल्या काळ्या धोंड्यावर उन्हात ठेवला, त्यातलं जास्तीचं पाणी जाऊ दिलं, मग त्याला वाळवीनं दिलेलं पांढरं नीट चोळलं. पानही भोकाभोकांचं घेतलं, आत वारा जावा म्हणून. एक दिवस गेला. दुसरा गेला. आबांनी विचारलं, "कळ्या केवढ्या झाल्या गं?" ती म्हणाली, "टपोऱ्या झाल्यात आबा." तिसऱ्या दिवशी तिनं भीत भीत पान उघडलं. आत एक घट्ट, गोल, पांढरा गोळा बसला होता. तिनं दात रोवला आणि मान झटकली. गोळा लांब लांब रेषांनी फाटला. दातांना ओढ लागली! तिनं गिळलं आणि वाट बघितली. पोट शांत होतं, भरलेलं होतं. तिला इतकं हायसं वाटलं की ती तिथल्या तिथं शेपटीभोवती दोन गिरक्या घेऊन पडली.

पण कळपाला कसं सांगायचं? तिनं मनाशी ठरवलं, सशाचं मांस आहे म्हणून सांगावं. गोळ्यावर थोडी लाल माती चोळली की झालं. मग तिला आबांचं ते बारीक झालेलं "हं" आठवलं. आबांना आणखी एका खोट्या शिकारीचा पहिला घास द्यायचा? तिला ते जमेना.

तिनं आणखी गोळे केले. त्यातला सर्वांत मोठा तिनं एका सकाळी टेकाडावर कळपाच्या मध्यभागी आणून ठेवला. सगळे गोळा झाले. आबाही आले. म्होरक्यानं गोळ्याकडे बघितलं, मग लांडगिणीकडे, आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "पळालं होतं का?"

"नाही," लांडगीण म्हणाली. "हे कधीच पळालं नाही. या शेंगा आहेत. पण पोट भरतं, मी आठ दिवस खाते आहे. हरणांना घालतो त्याच्या दहाव्या वाट्यात आपलं सगळ्यांचं भागेल. माळ सोडायला नको. कुणाला मागे ठेवायला नको."

कळपात कुजबुज झाली. दोघं-तिघं हसले. "शेंगा!" एक जाडा लांडगा म्हणाला. "उद्या गवत खायला सांगशील."

आबा म्हणाले, "माझ्यापुढे ठेवा ते. मी घास घेतो."

"न पळालेल्याचा पहिला घास नसतो, आबा," म्होरक्या म्हणाला. त्याचा आवाज चिडका होता. खरं म्हणजे घळीची युक्ती फसल्याचं त्याला आतून टोचत होतं, आणि टोचणी लागलेला पुढारी कसा वागतो ते तुम्ही बघितलं असेलच. त्यानं त्या गोळ्याला पंजानं एक तिरस्काराचा फटका मारला.

फटका मारायचा तर मारा, पण टेकाडावर गोल वस्तूला फटका मारू नये. गोळा उतारावरून घरंगळू लागला. आधी हळू, मग जोरात. एका धोंड्याला लागून त्यानं टुणकन उडी मारली आणि डावीकडे वळून गवतातून सुसाट निघाला.

आता लांडग्याच्या समोरून काही पळालं की लांडग्याच्या पायांना काय होतं ते विचारू नका. डोकं विचार करेपर्यंत चौदातले बारा लांडगे उताराला लागले होते. जाडा लांडगा कोलांट्या खात सर्वांच्या पुढे गेला. पिल्लं किंचाळत सुटली. दोन वर्षांत कुणी असं धावलं नव्हतं! गोळा बाभळीला वळसा घालून निसटला, एकाच्या पायांमधून गेला, खड्ड्यात पडून पुन्हा उसळला. आणि सगळ्यांना मागे टाकून, कान मागे पाडून, जिवाच्या आकांतानं त्याच्यावर झेप कुणी घेतली असेल? म्होरक्यानं!

त्यानं गोळा जबड्यात पकडला, मान झटकली, फाडला आणि मोठा लचका गिळून टाकला. दुसरा लचकाही गिळला. तिसरा तोंडात असताना त्याला आठवलं की आपण काय खातो आहोत. तो तसाच उभा राहिला, गाल फुगवून.

वरती टेकाडावर लांडगीण आणि आबा दोघंच उरले होते. आबांना काही दिसलं नव्हतं, पण ऐकू सगळं आलं होतं. त्यांनी लेकीची शेपटी दातांत धरली आणि दोघं सावकाश उतार उतरून खाली आले. आज आबा एकदाही थांबले नाहीत. ते बरोबर म्होरक्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "काय रे, पळालं होतं का?"

म्होरक्यानं तोंडातलं गिळलं. त्याच्या मिशांना पांढरं लागलं होतं. तो धापा टाकत होता आणि त्याचे डोळे कितीतरी दिवसांनी चमकत होते.

"पळालं होतं," तो म्हणाला.

"आणि पहिला घास माझा असतो ना?"

म्होरक्यानं मान खाली घातली आणि उरलेला अर्धा गोळा आबांच्या पायांशी ठेवला. आबा चावत राहिले. लांडगीण त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. आबांनी गिळलं, ओठ चाटले आणि पूर्वी ऐकू यायचं तसं, माळाच्या पार टोकापर्यंत जाणारं एक भलंमोठं "हं!" केलं. मग जी झुंबड उडाली ती मी काय सांगू! कपारीतून दुसरा गोळा आणून उतारावर सोडावा लागला, आणि तिसराही.

"रोज करता येईल हे?" म्होरक्यानं रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी लांडगिणीला विचारलं.

"सगळ्यांनी शेंगा चावल्या तर येईल," ती म्हणाली.

मग म्होरक्यानं एक गोष्ट केली, त्याबद्दल त्याला शाबासकी द्यायला हवी. तो स्वतः घळीवर गेला आणि आपण रचलेल्या काटेरी फांद्या त्यानं आपल्याच दातांनी एकेक करून ओढून काढल्या. त्याचे ओठ सोलवटले. हरणं आधी बिचकली, मग एकदम उधळली. धीट हरणी शेवटी निघाली. लांडगिणीशेजारून जाताना ती म्हणाली, "मला वगळलंत ते बरं केलंत, बाई," आणि दहा हात लांब गेल्यावर मागे वळून तिनं पुस्ती जोडली, "तरी मी जरा लांबूनच राहते हं." ती शहाणी होती. कारण लांडगे काही साधू झाले नव्हते. कधी एखादा ससा समोरून गेला तर पाय उचलतच. पण आता ससा खरंच पळे आणि बहुतेक वेळा निसटे, आणि लांडगा उपाशी न राहता घरी येऊन गोळा खाई.

दोन वर्षांत साचलेली घाण डोहातून लगेच गेली नाही. पण वरून येणारं पाणी निवळलं तसा वास कमी होत गेला. एका संध्याकाळी टिटवी ओरडली तेव्हा आजारातून उठलेली पिल्लं तिच्यामागे धावली आणि तोंडावर आपटली. उघड्या पडलेल्या माळावर इकडेतिकडे सांडलेल्या शेंगांचे कोंब दिसू लागले. वाळवीच्या वारुळाला मात्र अजून नाकाच्या आकाराचं ओबडधोबड दार आहे.

आणि पळस? तो त्याच्या वेळेला फुलला. त्या सकाळी लांडगिणीला जाग आली तेव्हा आबा आधीच उठून बसले होते, तोंड झाडाच्या दिशेला करून.

"फुलला का गं?" त्यांनी विचारलं.

लांडगिणीनं बघितलं. सगळ्यांत वरच्या फांदीवर एकच केशरी फूल उमललं होतं. खाली कळप अस्ताव्यस्त झोपला होता. म्होरक्या तर उताणा पडून घोरत होता. निघायची तयारी कुणाचीच नव्हती.

"फुलला, आबा."

"मग आता?"

"आता काही नाही," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं आणि रडूही आलं. "शेपटी धरा. खाली जाऊन त्याच्या बुंध्याशी बसू."

तात्पर्य : पोट भरण्याची वाट बदलली तर घर सोडावं लागत नाही आणि घरातल्या कुणाला मागेही ठेवावं लागत नाही; मात्र नवा घास जुन्या आवडीच्या अंगानं पुढे आला, तरच तो गळ्याखाली उतरतो.